मंगळवारची साडी

‘गुरुजी, आज सोळा का सतरा?’ अप्पा शेटेनं चहाच्या टपरीतूनच विचारलं.

‘सोळा,’ मी म्हणालो आणि ओल्या फडक्यानं कालचा पंधरा पुसला.

कवठेपेठेत सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. गावाचा वार्ताफलक. पहिल्या एसटीनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा यायचा. मी तिथंच उभ्यानं एक पेपर चाळायचो आणि शाळेत जायच्या आधी चार-पाच ठळक बातम्या फलकावर उतरवायचो. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. त्र्याऐंशी सालच्या त्या जानेवारीत मी फलकाच्या डाव्या कोपऱ्यात खडूनं एक चौकट आखली होती. तिच्यात रोज एकच मजकूर असे, फक्त आकडा बदले : ‘नर्सबाईंच्या खुनाला आज १६ दिवस झाले. तपास सुरू आहे.’

लोक दिल्लीची बातमी वाचायच्या आधी ती चौकट वाचत.

नर्सबाई म्हणजे मालतीबाई सावर्डेकर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या गावातच राहिल्या होत्या, एकट्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. एका मंगळवारी संध्याकाळी शेजारीण ताक मागायला गेली आणि तिला बाई स्वयंपाकघरात पडलेल्या दिसल्या. डोक्यात घाव होता. हातातल्या पाटल्या हातातच होत्या. दार फोडलेलं नव्हतं. चोरी नाही, भांडण नाही, मग कशासाठी? या एका प्रश्नावर गाव सोळा दिवस फलकापाशी उभं होतं.

‘भाचा,’ अप्पा म्हणाला. ‘पुण्याचा भाचा. घर पाहिजे त्याला.’

‘भाचा त्या दिवशी कचेरीत होता, सही आहे त्याची,’ वाचनालयाचे चिटणीस जोगळेकर म्हणाले.

‘सही काय, कोणीबी मारतंय.’

‘अरे, पण दार आतून बाईंनीच उघडलं असणार. म्हणजे ओळखीचा माणूस.’

‘वळखीचा म्हंजे मग आपल्यातलाच की.’

ते वाक्य रोज व्हायचं. मग सगळे एकमेकांकडे बघत आणि पुन्हा भाच्यावर येत.

त्या गुरुवारी शिवराम परीट सायकल धरून मागे उभा होता. कॅरियरवर इस्तरीच्या कपड्यांचं गाठोडं. अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. अप्पानं त्याला पाहिलं आणि त्याला चेष्टेचं निमित्त मिळालं.

‘काय रं शिवा, तू तर दर मंगळवारी बाईंची साडी घेऊन जायचास. खुनी तुझ्या सायकलपुढनंच गेला असंल.’

लोक हसले. शिवरामही हसला.

‘मी त्या मंगळवारी गेलोच न्हाई. कापडं वाळली नव्हती.’

‘नशीबवान हायस.’

‘व्हय,’ शिवराम म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला.

मी हात झटकले, खडू खिशात टाकले आणि शाळेत गेलो.

मी चौथीला शिकवत असे. शाळेची दुसरी कामं मला फारशी जमली नाहीत. जनगणना, अहवाल, साहेबांची सरबराई यांत माझं मन नसे. पण दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं वाक्य लिहिता येऊ लागतं, त्या दिवसासाठी मी वर्षभर थांबायला तयार असे. मुलं आधी मार्गदर्शक पुस्तकातलं लिहीत. ‘सूर्य उगवला, पक्षी किलबिल करू लागले.’ मी ते खोडत नसे. विचारत असे, ‘तुझ्या घराजवळ कोणते पक्षी आहेत रे?’ मग तो लिही, ‘आमच्या घराजवळ कोंबड्या आहेत.’ तिथून पुढे त्याची गाडी चालू लागे.

शिवरामाची मुलगी कुंदा माझ्या वर्गात होती. शांत, हिशेबात हुशार, निबंधात अगदी कोरडी. दिवाळीआधी तिनं लिहिलं होतं, ‘आजी वारली तेव्हा सर्वांना फार दुःख झाले.’

मी तिला जवळ बसवलं. ‘दुःख झालं हे तुला कशावरून कळलं?’

ती बराच वेळ विचार करत राहिली. ‘बाबांनी त्या दिवशी भट्टी पेटवली नाही.’

‘मग तेच लिही. दुःख झालं, भीती वाटली, असं लिहू नको. तुला काय दिसलं ते लिही. वाचणाऱ्याला आपोआप कळतं.’

‘खरं खरं लिहायचं?’

‘वहीत नेहमी खरंच लिहायचं. वही कोणाला रागवत नाही.’

दर गुरुवारी मी निबंध लिहायला देई, शुक्रवारी वह्या घरी नेऊन तपासत असे आणि शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सगळ्यांत चांगला निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवी. मुलं आठवडाभर त्या तासाची वाट पाहत. ज्याचा निबंध वाचला जाई तो दुपारी उड्या मारत घरी जाई. त्याचा बाप मला बाजारात थांबवून सांगे, ‘गुरुजी, आमचं कार्टं लिहितं म्हणे.’ त्या गुरुवारचा विषय होता, ‘मला न विसरता येणारा दिवस.’

शनिवारी शेवटच्या तासाला मी कुंदाची वही हातात घेतली. ती खाली मान घालून बसली, कानापर्यंत लाल होऊन. तिचा निबंध पहिल्यांदाच वाचला जात होता.

मी वाचलं :

‘तो मंगळवार होता. मला ताप होता म्हणून मी शाळेत आले नाही. मी गोधडीत झोपले होते. बाबा इस्तरीचे कपडे घेऊन सायकलवर गेले. नर्सबाईंची पांढरी साडी सगळ्यांत वर होती. मग बाबा लवकर परत आले. रोज ते सायकल भिंतीला नीट लावतात. त्या दिवशी त्यांनी ती अंगणात आडवी टाकली. साडी तशीच होती. बाबा दोन तांबे पाणी प्याले. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी म्हणाले, बाबा, साडी दिली नाही का? बाबा काही बोलले नाहीत. ते भट्टीपाशी बसले, पण भट्टीत कोळसे नव्हते. संध्याकाळी सगळे म्हणाले नर्सबाई मेल्या. मी जन्मले तेव्हा त्यांनी मला सगळ्यांच्या आधी हातात घेतलं होतं, असं आई सांगते. त्यांची साडी अजून आमच्या फळीवर आहे.’

मी म्हणालो, ‘बघा, कुंदानं कुठंही भीती हा शब्द लिहिलेला नाही.’ मुलांनी माना हलवल्या. दुसऱ्या बाकावर हवालदार मोहित्यांची विमल बसली होती. ती कुंदाकडे वळून बघत होती.

मी कुंदाला वही परत दिली. शीर्षकाशेजारी लाल शाईनं दहापैकी दहा गुण होते आणि लिहिलं होतं, ‘छान. अशीच लिहीत जा.’

साडेअकराला शाळा सुटली. दोन वाजता मी जेवून ओसरीवर टेकलो होतो तेव्हा हौसा, शिवरामाची बायको, धावत आली. पायांत चपला नव्हत्या.

‘गुरुजी, ह्यांला घिऊन गेली. गाडी आली हुती. साडीबी नेली फळीवरची.’

‘बस, हौसा. पाणी घे.’

‘पाणी नगं मला. पोरीनं काय लिवलं वहीत? सारी आळी म्हणतीया, तुमी वाचून दावलं.’

‘तिनं निबंध लिहिला होता. चांगला होता.’

‘चांगला,’ ती म्हणाली. तिनं तो शब्द कुठं ठेवावा ते न कळल्यासारखं आजूबाजूला पाहिलं. ‘मी तिला बजावलं हुतं. कुणापाशी बोलायचं न्हाई म्हणून शपथ घातली हुती. आन् ती वहीत लिवून बसली.’

‘तिला मारू नकोस.’

‘मारून काय हुतंय आता? तुमी चला. तुमचं ऐकत्याल.’

मी सदरा चढवला आणि ठाण्यावर गेलो. हौसा बाहेर पायरीवर बसली. फौजदार निकम मला पाहून चक्क उठून उभे राहिले.

‘या गुरुजी. आभार मानायला मीच येणार होतो.’

‘साहेब, शिवराम तसा माणूस नाही.’

‘मग कसा आहे? चौकात उभं राहून सांगतो, गेलोच नव्हतो. आमच्या जबाबात सांगतो, कपडे वाळले नव्हते. आणि साडी कडक इस्तरी करून घरात. तुम्हीच सांगा, पोरीनं लिहिलं ते खोटं आहे का?’

‘खोटं नाही.’

‘झालं तर.’

‘तो घाबरला असेल. आत डोकावला असेल, बाई पडलेल्या दिसल्या असतील, आणि पळाला असेल.’

‘असेल. तेच विचारतोय आम्ही त्याला.’ ते खुर्चीत बसले. ‘गुरुजी, तुम्ही फलकावर रोज आकडा लिहिता. मला जिल्ह्याहून फोन येतात. साहेब विचारतात, तो मास्तर दिवस मोजतोय, तुम्ही काय करताय? आता मोजायचं थांबवा. सोमवारी लिहा, एक इसम ताब्यात.’

आतल्या खोलीतून काही आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होतो, म्हणून सांगतो. ‘मला त्याला भेटता येईल?’ मी विचारलं.

‘चौकशी पुरी होऊ दे.’

सोमवारी सकाळी मी फलकाची डावी चौकट पुसली आणि लिहिलं, ‘नर्सबाई खून प्रकरण : चौकशीसाठी एक इसम ताब्यात.’ अप्पा टपरी सोडून फलकापाशी आला होता.

‘नाव लिवा की, गुरुजी.’

‘नाव लिहायचं नसतं. काही शाबीत झालेलं नाही.’

‘न लिवून काय, बारक्या पोरालाबी ठाव हाय.’

‘मला त्याचे डोळे कधी आवडलेच नाहीत,’ कोणीतरी म्हणालं.

‘गेल्याच गुरुवारी हितं हुबा राहून हसत हुता. कसलं काळीज म्हणायचं.’

‘आमचे दोन झब्बे आहेत त्याच्याकडे,’ जोगळेकर म्हणाले. ‘आणायला पाहिजेत.’

भाचा त्या दिवशी लोकांच्या तोंडून सुटला. पुन्हा त्याचं नाव कोणी काढलं नाही. दुपारपर्यंत बाया एकेक करून शिवरामाच्या घरी गेल्या आणि आपापली गाठोडी परत घेऊन आल्या. धुतलेली, न धुतलेली, ओली, जशी होती तशी. हौसा दारात उभी राहून एकेकीचे कपडे ओळखून देत होती. एकीनंही तिला काही विचारलं नाही, असं नंतर कळलं.

कुंदा शाळेत येत राहिली. तिच्या बाकावर तिच्याशेजारी बसायची ती मुलगी पुढे जाऊन बसू लागली. मी तिला परत मागे बसवलं तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई तक्रार घेऊन आली. पुढच्या गुरुवारी मी निबंध दिला नाही, गणितं दिली. कुंदानं सगळी बरोबर सोडवली.

मी दोनदा ठाण्यावर गेलो. एकदा निकम दौऱ्यावर होते. एकदा होते, पण हवालदार मोहिते म्हणाले, ‘साहेब जेवतायत.’ मी तासभर बसलो आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठलो.

दहाव्या दिवशी, मंगळवारीच, शिवराम घरी आला. त्याच्याविरुद्ध काही सापडलं नव्हतं. साडीवर डाग नव्हता, घरात बाईंची वस्तू नव्हती, आणि तो शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिला होता. मी भेटायला गेलो तेव्हा तो विझलेल्या भट्टीपाशी पाट घेऊन बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मनगट सुजून काळं पडलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. कोळशाची इस्तरी पाच-सहा किलोंची असते. त्याची इस्तरी कोपऱ्यात होती.

‘बसा गुरुजी,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

‘काय झालं होतं त्या दिवशी?’

‘दार निस्तं लोटल्यालं. हाक मारली. सैपाकघरात बाईंचं पाय दिसलं. पाय तेवढं. मी पुढं गेलोच न्हाई. पळालो.’

‘पोलिसांना का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर—’

‘सांगितलं असतं तर त्याच दिवशी आत गेलो असतो. ह्ये अठरा दिवस तरी कापडं इस्तरी केली.’ तो किंचित हसला. ‘पोरगी म्हणती, गुरुजींनी दहापैकी दहा दिलं.’

कुंदा आत चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

शिवरामाला सोडल्याची बातमी मी दुसऱ्या दिवशी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिली. लोकांनी ती वाचली आणि चहा पिऊन गेले. ‘पुरावा मिळाला न्हाई म्हंजे केलं न्हाई असं थोडंच,’ अप्पा म्हणाला. मी जोगळेकरांना खडूची पेटी परत दिली आणि सांगितलं की उद्यापासून दुसरा माणूस बघा. त्यांनी कारण विचारलं. डोळ्यांना त्रास होतो, असं मी सांगितलं.

नर्सबाईंना कोणी मारलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. निकमांची बदली झाली, त्यांच्यामागे आलेल्यांची झाली, कागद कुठल्यातरी कपाटात गेले. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी कुंदा शाळेत दाखला न्यायला आली. हौसाच्या भावाच्या गावी ती मंडळी निघाली होती. तिथं मळ्यात काम होतं, एका हाताच्या माणसालाही राखणीचं काम मिळेल असं भावानं कळवलं होतं. मुख्याध्यापक रजेवर असल्यामुळे दाखला मीच लिहिला. वर्तणूक, चांगली. प्रगती, समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं, मग मी ‘स्थलांतर’ असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

कुंदानं दाखला घेतला, पण ती गेली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

‘गुरुजी, एक विचारू?’

‘विचार ना.’

‘तुम्ही माझी शेवटची ओळ का नाही वाचलीत?’

मी पंधरा वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो होतो. वाईट प्रश्न असा नसतोच, असं मी त्यांना सांगत असे.

तिच्या निबंधात साडीच्या वाक्यापुढे आणखी एक ओळ होती. पानाच्या अगदी तळाशी, जागा संपल्यामुळे बारीक अक्षरांत लिहिलेली : ‘आई म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त वहीत लिहिलं आहे.’

शुक्रवारी संध्याकाळी मी ती ओळ वाचली होती. एकदा नाही, बऱ्याच वेळा. गुरुवारी चौकात शिवराम काय म्हणाला होता ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. विमल कुठल्या बाकावर बसते, तिचा बाप काय करतो, हेही मला ठाऊक होतं. सोळा दिवस गावातल्या प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. माझ्याकडे फक्त आकडा होता. आणि आता माझ्या मांडीवर असं काही होतं जे त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की निबंध उत्तम आहे, आणि उत्तम निबंध वाचायचा ही आपली रीत आहे. निबंध खरोखरच उत्तम होता. गुण मी नेहमी शेवटच्या ओळीखाली देत असे. त्या संध्याकाळी ते वर दिले, शीर्षकाशेजारी.

‘घंटा झाली होती,’ मी कुंदाला म्हणालो.

ती विचार करत राहिली. मग तिचा चेहरा मोकळा झाला. महिनाभरात पहिल्यांदाच. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, दाखल्याची नीट घडी घातली आणि ती बाहेर पळाली.

हौसा व्हरांड्यात उभी होती. खिडकी उघडी होती.

‘आई, बघ, मी तुला रोज सांगत होते ना,’ कुंदा म्हणत होती. ‘गुरुजी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. घंटा झाली होती. त्यांना माहीत असतं तर त्यांनी वाचलंच नसतं.’